न्यायप्रविष्ट गुळपोळी

ठाण्याहून परत आल्यापासून सांगलीत जो तो मला एकच विचारतो, "काय हो बाई, न्यायाधीश वर्गात झोपतात का?"

झोपत नाहीत. डोळे मिटतात, पण ते ऐकण्यासाठी. उभा जन्म कॉलेजात शिकवण्यात गेल्यामुळे मिटलेल्या डोळ्यांतला फरक मला दारातूनच कळतो. आमची पोरं डोळ्यांबरोबर मानही टाकतात. न्यायाधीशांची मान ताठ राहते आणि नेमक्या कच्च्या वाक्याला डोळे उघडतात. शेवटी शेवटी मला त्या उघडण्याची धास्तीच बसली होती.

एक्याण्णव सालानंतर आमच्या विषयाला एकदम भाव आला. तोवर अर्थशास्त्र म्हणजे बी. कॉम.ला नाइलाजानं घ्यायची गोष्ट होती. मग नवं धोरण आलं आणि पेपरवाल्यापासून पुढाऱ्यापर्यंत सगळेच अर्थशास्त्र बोलायला लागले. त्यातच कुणीतरी ठरवलं की न्यायाधीशांनाही ते थोडं यावं. निकालाला उशीर झाला तर त्याची किंमत कोण मोजतं, नुकसान कुणाच्या माथी मारलं तर लोक पुढच्या वेळी कसे वागतात, कायदा करणाऱ्यांच्या मनात असतं काय आणि घडतं काय, असं सगळं. ठाण्याला आठवड्याचं शिबिर ठरलं, आणि शिकवायला कुणी मिळेना म्हणून मला बोलावणं आलं. मी दोन पिशव्या घेऊन निघाले. एकीत टिपणं, दुसरीत गुळाची छोटी ढेप आणि तीळ, कारण संक्रांत तोंडावर होती आणि माझी थोरली बहीण डोंबिवलीला राहते.

"ठाण्याला काय बघायचंय?" असं म्हणून ज्यांनी तेव्हा नाकं मुरडली, त्यांनी आता मुकाट्यानं वाचावं.

डोंबिवली

लोकलबद्दल मी काहीही लिहिणार नाही. ते सांगायला सगळी डोंबिवली समर्थ आहे, आणि सांगितल्याशिवाय राहतही नाही.

गाव मात्र मला आवडलं. सांगलीत नव्या माणसाला आधी "कुणाची तुम्ही?" असं विचारतात, मग पाणी देतात. डोंबिवलीत आधी "किती वाजताची धरलीत?" असं विचारतात. ज्याला त्याला घाई, पण नाटकाला, भाषणाला आणि भाजी निवडून घ्यायला वेळ भरपूर. सकाळी वारा कारखान्यांच्या बाजूनं आला की ताई खिडकी लावून घेते आणि "आज रंगवाल्यांचं चाललंय" असं सहज म्हणते, आपण "आज शेजारी मासे तळतायत" म्हणतो तसं.

ताईचं घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि एक गॅलरी. लग्न होऊन ती इथंच आली, लेकीला इथंच वाढवलं, भाऊजी इथंच गेले. आता ती एकटी असते. इमारत म्हात्र्यांची. त्यांच्या भाताच्या शेतात त्यांनीच बांधलेली. ते स्वतः तळमजल्यावर राहतात, आणि त्यांच्या मुलाच्या संसाराला जागा हवी म्हणून ताईच्या दोन खोल्या रिकाम्या करून मागतायत. त्यासाठी नऊ वर्षांपासून कल्याणच्या कोर्टात दावा चालू आहे. साक्षी झाल्या, वकिलांची भाषणं झाली, आणि आता शिबिर संपलं की लगेच सोमवारी निकाल होता.

पहिल्याच संध्याकाळी ताईनं मला समोर बसवलं.

"मालू, तुझ्या वर्गात कल्याणचे जज्ज पण येणार?"

"येणार. चार-पाच असतील."

"मग एक ऐक. माझ्या केसचा चकार शब्द काढायचा नाही. त्यातले माझे साहेब कुठले, हे मी तुला सांगणार नाही, तू विचारायचं नाही. मी हरले तर हरले. पण उद्या कुणी म्हणायला नको की हिनं बहीण पाठवली."

"अगं, मी कशाला बोलू? मी काय लहान आहे?"

"लहान नाहीस, बोलकी आहेस," ताई म्हणाली. मला राग आला, पण हरकत घेण्यासारखं त्यात काही नव्हतं.

ठाणे

शिबिराचा हॉल तलावाच्या काठी होता. जुनी इमारत, उंच खिडक्या आणि पाण्याकडे तोंड करून लांबलचक व्हरांडा. ठाणेकरांना आपल्या तलावांचा फार अभिमान. दर दोन माणसांमागे एकजण मला "पूर्वी किती होते" ते सांगायचा, आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा. नाश्त्याला मिसळ होती. "मॅडम, जपून, ठाण्याची मिसळ आहे," असं बजावून जी पुढे ठेवली, ती आमच्याकडे आजारी माणसाला तोंडाला चव यावी म्हणून देतात. मी तसं बोलून दाखवलं नाही. पाहुण्यानं गावच्या मिसळीवर बोलू नये.

शिबिराचे प्रमुख एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत. त्यांनी माझी ओळख करून दिली आणि वर्ग सुरू झाला. खुर्च्या ज्येष्ठतेनं लावलेल्या. एक साहेब यायचे होते, तर त्यांची खुर्ची मधेच रिकामी. कुणी सरकून बसेना.

मी नेहमीच्या उत्साहात म्हणाले, "समजा, एक रसायनांचा कारखाना आहे. त्याचं पाणी नाल्यात जातं. खाली एका माणसाची भाजीची वाडी आहे..."

दुसऱ्या रांगेतले एक साहेब उभे राहिले. किंचित वाकले. "माफ करा मॅडम. हा विषय माझ्यापुढे न्यायप्रविष्ट आहे. मला ऐकता येणार नाही." आणि ते व्हरांड्यात निघून गेले.

मी म्हटलं, असू दे, उदाहरण बदलू. "समजा, दोन भावांची सामाईक विहीर आहे." तीन जण उठले. "बरं, एका सोसायटीत गच्ची आहे." आणखी दोघे. "घरमालक आणि..." एवढं बोलले तोच मोठे साहेब घाईघाईनं म्हणाले, "बाई, तो शब्द काढू नका. मग वर्ग व्हरांड्यातच भरवावा लागेल."

शेवटी मी वैतागून म्हणाले, "समजा, एक बेट आहे. बेटावर फक्त दोन माणसं आहेत."

"कुठलं बेट?" पुढच्या रांगेतून प्रश्न आला. "आमच्या हद्दीत साष्टी बेट येतं."

जेवायच्या सुट्टीपर्यंत वर्गात निम्मे लोक उरले होते आणि बाकीचे पाण्याकडे बघत गंभीरपणे उभे होते. सगळ्यात जास्त वेळ व्हरांड्यात काढणारे म्हणजे कल्याणचे तायशेटे साहेब. पस्तिशीचे, अंगानं काडी, जाड भिंगांचा चष्मा. नुसती शंका आली तरी ते उठायचे. बाकीच्यांची निदान खात्री झालेली असायची. हे साहेब शिबिराचा चहासुद्धा घेत नसत. स्वतःचा डबा, स्वतःची पाण्याची बाटली. तासगावचे आहेत असं कळल्यावर मला जरा आपलेपणा वाटला, पण त्यांना तो दाखवायची सोय नव्हती.

आणखी एक गंमत सांगते. मी वर्गाला प्रश्न विचारला, "उशिरानं मिळालेल्या न्यायाची किंमत जास्त, हे तुम्हाला पटतं ना?" तर एक साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, हा प्रश्न सूचक आहे. उत्तर तुम्हीच तोंडात देताय." मग मी तोच प्रश्न सरळ विचारला. उत्तर कुणीच दिलं नाही. मोठे साहेब हसून म्हणाले, "निकाल राखून ठेवलाय असं समजा."

बाळकुम

वर्गात उदाहरणं टिकेनात, म्हणून मोठ्या साहेबांनी आम्हाला एक दिवस बाहेर काढलं. बाळकुम जवळच आहे. भाताच्या कापलेल्या शेतात मधेमधे इमारतींचे खांब उभे राहिलेले, पलीकडे गाव, आणि गावामागे खाडी. ओहोटी होती. चिखलात होड्या कलंडल्या होत्या. पाण्याला येणारा वास माशांचा नव्हता, हे मला सांगलीकरणीलासुद्धा कळलं.

हिराबाई नावाच्या एका कोळीणबाईंच्या अंगणात आम्ही सावलीला थांबलो. गळ्यात ठसठशीत सोनं, आवाज खणखणीत. एवढे साहेब दारी आलेले पाहून त्यांनी भराभर चहा टाकला, कपबशा मांडल्या आणि ताट फिरवलं. एकाही साहेबानं कप उचलला नाही. सगळे हात जोडून "नको, नको."

हिराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काय रं बाबांनो, आमचे घरचा चाय पन नाय पीत? आमी काय त्यान इख घालतंव?"

तायशेटे साहेब पुढे झाले. फार नम्रपणे म्हणाले, "आजी, राग मानू नका. उद्या तुमचं काम माझ्यापुढे आलं आणि मी तुमचा चहा प्यालेलो असलो, तर ते मला करता येणार नाही."

"माझा काय काम येनार तुमचे पुढं? माझा काम खाडीन हाय."

"तरीपण."

"म्हंजे तुमी कोनाकडंच खात नाय? सनाला पन नाय?"

"नाही आजी."

हिराबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "म्हनूनशी असा वालला हाय," त्या म्हणाल्या, आणि तो कप माझ्यापुढे केला. न्यायव्यवस्थेची अब्रू राखायला मी तीन कप चहा प्याले.

परतताना मी गाडीत तायशेट्यांना विचारलं, "पण साहेब, असं सगळ्यांना नाही म्हणायची काही किंमत पडतच असेल की?" ते म्हणाले, "पडते. कल्याणला येऊन दीड वर्ष झालं. माझ्या घरी कुणी येत नाही आणि मी कुणाच्या जात नाही. मुलगा विचारतो, आपले कुणी ओळखीचे नाहीत का?" एवढंच बोलले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. पुढचा सगळा घोटाळा त्या वाईट वाटण्यातून झाला.

पुन्हा डोंबिवली, संक्रांत

संक्रांतीच्या संध्याकाळी आम्ही दोघी बहिणी गुळपोळ्या करायला बसलो. गूळ माझा, तीळ माझे, लाटायला मी, भाजायला ताई. गुळपोळी हे धीराचं काम आहे. कडेपर्यंत गूळ गेला नाही तर खाणाऱ्याला कळतं, आणि गेला आणि फुटला तर तव्याला कळतं. पहिल्या दोन उतरल्याबरोबर ताईनं त्यांवर तूप घातलं, वरून ताटली झाकली आणि जिन्यानं खाली निघाली.

"कुठं?"

"म्हात्र्यांकडे."

"ताई! त्या माणसानं तुला घराबाहेर काढायला दावा लावलाय ना?"

"दावा कोर्टात आहे. जिन्यात कशाला भांडायचं?" आणि ती गेलीसुद्धा. येताना तीच ताटली तिळाच्या वड्यांनी भरून आली. म्हात्रेवहिनींनी केलेल्या. आमच्याकडे वाटणीवरून बिनसलेले भाऊ एकमेकांच्या दारावरून जाताना छत्री आडवी धरतात, ऊन असलं तरी. इथं नऊ वर्षं खटला चालवून ताटली रिकामी परत पाठवत नाहीत. मी अर्थशास्त्राची प्राध्यापिका, पण हा हिशेब मला मांडता आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेल्या पोळ्या डब्यात भरायला लागले.

"आज किंक्रांत आहे," ताई म्हणाली. "आज कुणाला काही देऊघेऊ नये. उद्या ने."

"अगं, उद्या शेवटचा दिवस, गडबड असते. आणि किंक्रांत-बिंक्रांत काय घेऊन बसलीस!" असं म्हणून मी शास्त्रीय दृष्टिकोनातून झाकण लावलं.

ठाणे, किंक्रांत

मधल्या सुट्टीत मी डबा उघडला. इतर साहेबांनी दोन-दोनदा "नको" म्हणून तिसऱ्यांदा घेतली. आता पाच दिवसांच्या ओळखीनं मी त्यांच्या हिशेबी शिक्षक झाले होते, आणि सांगलीच्या बाईचा कल्याण-ठाण्याला दावा असायचं काही कारण नव्हतं. तायशेटे साहेब आपल्या डब्यातली भेंडी खात होते.

"तासगावचे आहात, आणि सांगलीच्या गुळाला नाही म्हणता?"

त्यांनी डब्याकडे पाहिलं. मग माझी रीतसर उलटतपासणी घेतली.

"गूळ सांगलीचा?"

"हो."

"आपण स्वतः आणलेला?"

"हो."

"पोळ्या आपण केल्यात?"

"हो."

तिन्ही उत्तरं खरी होती. साहेबांनी एक पोळी उचलली, मोडली, आणि तोंडात घातली. मग कुणी न विचारता म्हणाले, "कडेपर्यंत गूळ आहे. आमच्या आईची अशी असायची." एक संपली. दुसरी घेतली. चेहरा इतका मोकळा झाला होता की मला धन्य धन्य वाटलं. अर्धी खाऊन झाल्यावर आपल्याकडच्या माणसानं आपल्याकडच्या माणसाशी बोलावं तसं त्यांनी विचारलं, "मग मॅडम, उतरलाय कुठं?"

"डोंबिवलीला, थोरल्या बहिणीकडे. म्हात्र्यांच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर."

हात तसाच थांबला. "दोन खोल्या," ते हळूच म्हणाले. "आणि पूर्वेला गॅलरी."

"हो! तुम्हाला कसं..." एवढं म्हणाले आणि मी जीभ चावली.

साहेबांनी उरलेली अर्धी पोळी ताटलीत ठेवली. उठले, हात धुतले, चूळ भरली आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. या वेळी पाण्याकडे बघत नव्हते, खाली बघत होते.

मोठ्या साहेबांना सगळं सांगावं लागलं. वर्ग पुन्हा भरला, पण माझं व्याख्यान राहिलं बाजूला. पक्षकाराच्या घरचं खाल्लं गेलं, आता काय? गप्प बसणं तर शक्यच नव्हतं. तसं सुचवलंही नाही कुणी. दावा दुसऱ्या न्यायाधीशाकडे पाठवला तर वकिलांची भाषणं पुन्हा पहिल्यापासून, आणि दुसऱ्यांच्या कपाटात आधीच जागा नाही. म्हणजे ताईची आणखी किती वर्षं, कुणी सांगावं.

मग पोळी नेमकी कुणाची, यावर चर्चा सुरू झाली. एक साहेब म्हणाले, कच्चा माल मॅडमचा, म्हणून पोळी मॅडमची. दुसरे म्हणाले, पण गॅस प्रतिवादीचा, तूप प्रतिवादीचं. तिसरे म्हणाले, लाटणं हे मुख्य काम, भाजणं दुय्यम. त्यावर भिवंडीचे एक साहेब इतके उसळले, की घरी पोळ्या तेच भाजत असणार. नुकसान कुणाला, ते टाळायला सगळ्यात सोपं कुणाला होतं, उशिराचा भार कोण सोसणार, असे मी चार दिवस घसा फोडून शिकवलेले सगळे मुद्दे आता आपोआप निघाले. शिबिरात पहिल्यांदाच वर्ग रंगला आणि एकही माणूस व्हरांड्यात गेला नाही. फक्त तायशेटे तिथं होते, आणि मला रडू येत होतं.

शेवटी तायशेटे आत आले. "सोमवारी भर कोर्टात सांगतो. दोन्ही बाजूंना विचारतो. कुणाचीही हरकत असली तर दावा सोडतो." एवढं बोलून बसले.

मोठ्या साहेबांनी मान हलवली. मग ताटलीतली अर्धी पोळी उचलली आणि खाऊन टाकली. सगळे बघायला लागले तेव्हा म्हणाले, "मी निवृत्त आहे."

डोंबिवली, शेवटचे दोन दिवस

ताईला सांगायचं काम माझ्याकडेच होतं. ती मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं, पहिल्या "हो"पासून अर्ध्या पोळीपर्यंत. तिचे हात चालूच राहिले. जुडी संपल्यावर ती बोलली.

"ह्यांचं आजारपण दाव्यात गेलं. लेकीचं लग्न दाव्यात झालं, मांडवात उभी होते आणि डोक्यात तारीख. दर उन्हाळ्यात वाटतं, गॅलरीत जाईचा वेल लावावा. मग वाटतं, लावू आणि जायचं? नऊ वर्षं नाही लावला. सोमवारी सुटणार होते मी, मालू. इकडे नाहीतर तिकडे."

"ताई, मला खरंच..."

"तुझं अर्थशास्त्र घाल चुलीत," ती म्हणाली आणि रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या पाठीवर हात ठेवायचीही हिंमत होईना.

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. रविवारी पानात वरणभात आला, त्यावर तूप नव्हतं. आमच्या घरात याहून मोठी शिक्षा नाही. मी परतीचं तिकीट रद्द केलं होतं. तेवढं मात्र तिनं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाली. म्हात्र्यांना आधीच सांगून ठेवू का, असं मी विचारलं, तर डोळे वटारून म्हणाली, "साहेब सांगतील. तू आता कुणालाही काहीही सांगू नकोस."

कल्याण

सोमवारी सकाळी खाली रिक्षा उभी होती आणि आत म्हात्रेशेठ बसले होते. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात काठी. ताई शेजारी जाऊन बसली.

"हे काय?" मी कुजबुजले.

"तारीख एकच, कोर्ट एकच, दोन रिक्षा कशाला?"

नऊ वर्षं वादी-प्रतिवादी एकाच रिक्षानं कल्याणला जातायत! मी ताईच्या पलीकडे दाटीवाटीनं बसले. म्हात्रेशेठ मला म्हणाले, "तुमी बहीन ना? गुल बेस व्हता हो." ताईनं मला कोपर मारलं. मी रस्ताभर दुकानांच्या पाट्या वाचत बसले.

कल्याणच्या कोर्टाच्या आवारात झाडाखाली टायपिंगवाले, शहाळीवाले, आणि खाडीवरून येणारा गार वारा. आत लाकडी बाकं, वर करकरणारा पंखा. शिपायानं नाव पुकारलं. तायशेटे साहेब उंच खुर्चीत वेगळेच दिसत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. स्टेनोकडे वळून, साक्ष लिहवून घेतात तशा सपाट आवाजात, त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"न्यायालय असं नमूद करतं, की गेल्या आठवड्यात ठाणे इथल्या शिबिरात प्रस्तुत न्यायाधीशानं प्रतिवादीच्या बहिणीनं दिलेली गुळपोळी खाल्ली. पोळी प्रतिवादीच्या घरात तयार झाली होती, हे त्या वेळी माहीत नव्हतं. खाल्लेल्या पोळ्या, दीड."

स्टेनोचा हात थांबला. "दीड, साहेब?"

"दीड. एक आणि अर्धी." मग त्यांनी समोर पाहिलं. "दोन्ही पक्षांना विचारतो. कुणाची हरकत असेल तर हा दावा मी दुसरीकडे पाठवीन. मला त्यात काहीही वाटणार नाही."

म्हात्र्यांचे वकील ताडकन उठले. "साहेब, आमची सक्त हरकत..."

काठी वाजली. म्हात्रेशेठ उठले होते. त्यांनी वकिलांच्या काळ्या कोटाची बाही धरून त्यांना खाली बसवलं.

"साहेब, मी बोलू काय?"

"बोला."

"नव वरसां झाली या दाव्याला. नव संक्रांती या बायची गुलपोली माझे घरान येतंय. मी खाल्ली, माझे बायकोनं खाल्ली, पोरानं खाल्ली. दर वरसाला दोन. मी दावा मागं घेतला काय? नाय घेतला." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "मंग तुमी दीड पोलीन फिरनार काय?"

सगळं कोर्ट हसलं. वकील हसले, स्टेनो हसला, शिपायानं तोंड फिरवलं. साहेब हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी पुसला, जरा जास्तच वेळ पुसला. "हरकत नाही असं नमूद करा," ते म्हणाले. मग त्यांनी समोरचे कागद उलटले आणि निकाल वाचला. वादीची गरज सिद्ध होत नाही. दावा फेटाळण्यात येतो.

ताईला कळलंच नाही. "काय झालं?" तिनं विचारलं. मी नाही, म्हात्रेशेठांनीच सांगितलं. "तुजा झाला, बाय. आता रर नको."

ती रडतच होती. तशीच आम्ही त्याच रिक्षात बसलो. कल्याण मागे पडलं. मग म्हात्रेशेठ रस्त्याकडे बघत म्हणाले, "मी ठान्याला अपील करनार, सांगून ठेवतो."

"करा की," ताई डोळे पुसत म्हणाली. "रिक्षानं ठाण्याला लांब पडेल, एसटीनं जाऊ."

त्या रात्री वरणभातावर तूप होतं, आणि दुसऱ्या दिवशी मी सांगलीला परतले.

आता या गोष्टीला वर्ष झालं. शिबिराचं आमंत्रण यंदाही आलंय, खाली एका ओळीत विनंती आहे की वक्त्यांनी खाद्यपदार्थ आणू नयेत. ताईच्या गॅलरीत जाईचा वेल कठड्यापर्यंत चढलाय. म्हात्र्यांचा मुलगा बाळकुमला नव्या इमारतीत राहायला गेला. आणि अपील? अपिलाची मुदत कधीच उलटून गेली. म्हात्रेशेठ ठाण्याला गेलेच नाहीत. यंदा संक्रांतीला पोळ्या घेऊन खाली गेली तेव्हा ताईनं त्यांना विचारलं, "काय हो, अपील का नाही केलंत?"

त्यांनी ताटली घेतली, झाकण उचलून आत बघितलं आणि म्हणाले, "दर साली खातंय बाय. कवातरी अंगी लागनारच ना?"

हे मात्र तायशेटे साहेबांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, असं आम्ही दोघी बहिणींनी ठरवलंय.